सातवीला पाणी दाखव

खाणीतून परतला तेव्हा त्सेदिसोच्या पेटीत
दोन ब्लँकेटं, एक बंद पडलेला दिवा
आणि कंपनीचा कागद,
ज्यावर त्याच्या फुफ्फुसांची किंमत लिहिली होती.
मी चष्मा शोधायला लागले.
तो म्हणाला, राहू दे, आत्या.
त्यानंतर चार महिने एवढंच.

आमच्यात त्सेदिसो म्हणजे सांत्वन.
थोरलं गेल्यावर जे पोर जन्मतं, त्याला ठेवायचं नाव.
पाळण्यापासूनच दुसऱ्यांचे डोळे पुसायच्या कामाला लावलेलं पोर.
त्याचे कोण पुसणार, हे बारशाला कुणी विचारलं नाही.
मीही नाही. मी ज्वारीची बिअर गाळत होते.

इथं वर, सेमोनकाँगला, माझे सात घोडे.
धबधबा बघायला येणाऱ्यांना भाड्यानं देते.
सहा कामाचे.
सातवी मोहोदी. म्हणजे धुकं. रंगही तसाच.
आधीच्या मालकानं तिला तारेनं बांधलेलं;
गुडघ्याखाली त्या जागी अजून केस उगवत नाहीत.
विकायला काढली, तर गिऱ्हाईक दात न बघताच परत गेलं.

जा, बरा हो, असं मी त्याला म्हटलं नाही.
असलं बोलायची आमच्या घरात रीत नाही.
म्हटलं, सातवीला पाणी दाखव, माझे गुडघे दुखतात.
दुखतातच. खोटं नव्हतं.

तो बादली घेऊन उभा, ती भिंतीला चिकटलेली.
आठवडाभर हेच.
चुलीवर मक्याचं पीठ ढवळत मी दारातून बघायचे:
तो श्वास रोखून धरायचा. जुनी सवय,
धूळ उठली की छाती बंद.
आणि त्याची छाती बंद झाली
की तिची मान ताठ.

मग एकदा त्याला खोकला आला,
कमरेत वाकवणारा, डोळ्यांतून पाणी काढणारा.
खोकून झाल्यावर उरलेला सगळा श्वास त्यानं सोडून दिला,
कुठं पडतंय ते न बघता ओझं टाकावं तसा.
मोहोदीनं मान खाली घातली. फुर्र केलं.
आणि प्यायली. बादली रिकामी होईस्तोवर.

दवाखान्यात नर्सबाई नळीत फुंकायला लावतात,
तिथं आकडा दिसतो.
इथं कान पुढं यायचे.
चुकला, तर घोडी तहानलेली राहायची;
मग तो चुकेनासा झाला.

जुलैत बर्फ पडलं.
रात्री तबेल्यातून आवाज. टक. टक टक.
थंडीनं मोहोदी फळीवर खूर मारत होती.
मी उठेपर्यंत हा अंगणात, अनवाणी, उघड्या खांद्यांनी.
कंदील घेऊन गेले आणि दाराशीच थांबले.

तिच्या मानेला कपाळ लावून तो सांगत होता:
मोलेफी तिकडून पाइप ठोकायचा, मी इकडून.
मधे दगड. अकरा तास.
मग त्याचे दोनच ठोके, मग एक,
मग मी एकटाच ठोकत होतो.
तुझं ऐकू आलं.
आलो ना? आलो ना मी?

घोडी गप्प. बोलली असती
तर पुढचं त्यानं सांगितलंच नसतं.
तिनं फक्त अंगाचा भार बदलला,
तारेचा पाय त्याच्या बाजूला घेतला.
मी कंदील विझवला. तेल महाग आहे.

लोक विचारतात, भाचा बरा झाला का.
छाती तशीच आहे. झोपेत अजून दात खातो.
पण परवा त्यानं मोलेफीच्या बायकोचं गाव विचारलं.
दोन दिवसांची वाट, सगळी चढाची.
पहाटे मोहोदीच्या पाठीवर पिठाची पिशवी टाकली
आणि सैल दोर धरून तिच्या शेजारून निघाला.
अरे, बसून जा की! मी ओरडले.
वळून म्हणाला, अजून तिला विचारलेलं नाही.

खिंडीपाशी आधी ती दिसेनाशी झाली, धुक्यात धुकं,
मग तो.
मी उरलेल्या सहांना पाणी दाखवलं.
गुडघे दुखले.