पांढरे मोजे

उद्यमबागेतली दुसरी पाळी सुटते साडेअकराला.
किणये मागं पडलं की दिवे संपतात,
पुढं हेडलाइटएवढाच रस्ता.

रवळू म्हणायचा, गवा दिसत नसतोय रे.
काळ्या रात्रीत काळंच अंग त्याचं.
दिसले तर नुसते मोजे दिसतात, पांढरे,
गुडघ्याखालचे,
कुणीतरी शाळेला निघाल्यासारखे.

काल कुसमळीच्या अलीकडं दिसले.
चार.
ब्रेक दाबला. मागचं चाक कुठंतरी गेलं, परत आलं.
हॉर्न नाही वाजवला.
गाडी फुटफुटत राहिली माझ्या मांड्यांमध्ये,
आणि तो ओलांडून गेला
फाटक उघडं राहिलेल्या परड्यातून जावं तसा,
सावकाश.

गिअर टाकणार,
तर रवळूचं दुसरं वाक्य आठवलं.
हे त्यानं चहाच्या गाड्यावर नव्हतं सांगितलं.
दवाखान्यात, जबडा तारेनं बांधलेला असताना
पगाराच्या पाकिटावर लिहून दिलेलं,
वाकड्या अक्षरात:
एक गेला म्हणून निघू नको.
मागचं यायचं असतंय.

थांबलो.
डासांनी कान खाल्ले.
किती वेळ, कुणास ठाऊक.

मग कारवी हलली.
वासरू.
त्याच्या पायात अजून मोजेही नव्हते.