हन्नाचा भाग

पायपेटी दुरुस्त करायला बोलावलं होतं मला
फेरो बेटांच्या पार उत्तरेला,
दोन बोगदे आणि एक बोट ओलांडून,
जिथे गाव म्हणजे अकरा मुलं,
आणि मेंढ्या किती ते कुणी मोजत नाही.

भात्याचं कातडं विरलं होतं डाव्या घडीत.
पाय मारला की आधी एक सुस्कारा,
मग सूर.
मी म्हटलं, दोन तासांचं काम.
रान्वा म्हणाली, आधी मुलांचा वर्ग होऊ दे.
तोवर बसा. थर्मासमध्ये कॉफी आहे.

दाराजवळच्या खुर्चीत बसलो.
माझा देवाशी संबंध
त्याच्या वाद्यांपुरताच.

मुलं आली लोकरी मोज्यांवर घसरत,
बूट दाराशी, ओल्या ढिगात.
योनाला त्यांनी खर्जात गिळलं:
रान्वाचे दोन्ही हात पेटीच्या डाव्या टोकाला
आणि फळ्या थरथरल्या टाचांखाली.
होग्नीचा बाप साल्मनच्या पिंजऱ्यांवर कामाला;
त्याने विचारलं, माशाच्या पोटातलं
देवाला ऐकू कसं जातं?
"तू म्हण तिथून," ती म्हणाली, "बघू येतं का ऐकू."
तो टेबलाखाली शिरला. वरून सगळ्यांचे कोट.
त्या काळोखातून तो जे म्हणाला
त्याला चाल नव्हती,
बूड नव्हतं की शेंडा,
पण आलं ऐकू.

मग हन्ना.
मूल हवं होतं तिला, रान्वा सांगू लागली,
सांगता सांगता वाजवू लागली:
सवतीचे टोमणे, उजव्या हाताचे तीन टोचरे सूर.
नवऱ्याची समजूत, गोड आणि जराशी बहिरी.
मंदिराच्या दाराशी म्हातारा एली;
त्याचं डुलकणं मुलांनी माना पाडून दाखवलं,
कुणी घोरलंसुद्धा.
आणि मग हन्ना प्रार्थना करू लागली.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
म्हाताऱ्याला वाटलं, बाई प्यायली आहे.

इथे रान्वाने हात काढले पट्ट्यांवरून,
ठेवले मांडीवर.
पाय मात्र चालूच.
भाता भरला, रिता झाला,
भरला.
त्या विरलेल्या घडीतून
वारा येत राहिला, जात राहिला,
शेजारच्या खाटेवर रात्री
कुणी जागं असावं तसा.

अकरा मुलं. एकही खोकलं नाही.
बाइंता, चार वर्षांची,
आईची भाषा फिलिपिन्सची, बापाची इथली,
आणि दोन्हींत अजून गप्पच,
उठून पेटीपाशी गेली,
लाकडाला कान लावून उभी राहिली
आणि तिचे ओठ हलू लागले.
ते दिसत होतं मला. कळत नव्हतं.
मी एलीच्या जागी होतो,
खुर्चीसकट.

मुलं गेल्यावर पेटी उघडली.
सरस, चिमटा, मेंढीचं पातळ कातडं,
सगळं फडक्यावर मांडलं.
रान्वा म्हणाली, वरच्या सप्तकातली ती पट्टी चिकटते, तेवढी बघा.
पायफळीचा पट्टा बदला.
ही घडी राहू द्या.
मी म्हटलं, बाई, वारा गळतो इथून.
दोन हिवाळ्यांत फाटेल.
"मग तेव्हा या."
"आणि तोवर?"
"तोवर हन्नाचा भाग कोण वाजवणार?"

तीस वर्षांच्या धंद्यात
न केलेल्या कामाबद्दल
कुणी आभार मानले नव्हते माझे.
बिलात लिहिलं: पट्टी एक, पट्टा एक.
डावी घडी, तपासली.

परतीला धुकं.
बोट भोंगा देई, थांबे,
पुन्हा देई.
मधल्या त्या थांब्यांत
मी काही म्हटलं नाही.
ओठ गारठले होते,
म्हणून हलवले, इतकंच.