रव

पाच पिल्लांत तिसरी जन्मली म्हणून ती तिसरी.
कार्मेलीनने फ्रॉकच्या घोळातून आणून
खळ्यात ठेवली नि म्हणाली,
"एकटीच रवतंस, घे. दोन महिन्यांत शिकवलंस तर ती तुझी,
नाय तर तू तिची."

एकावन्न वर्षांत मी कुणाला हुकूम दिला नव्हता.
पोस्टाच्या खिडकीतून 'पुढचा'
एवढंच काय ते मोठ्याने.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, बाई,
म्हशीला मी कधी बस म्हटलेलं नाही,
ती बसते तेव्हा बसते.
जंतांचं औषध दिलं. पैसे घेतले नाहीत.

मोबाइलमधला माणूस हिरवळीवर उभा राहून 'सिट' म्हणायचा
आणि त्याचा कुत्रा बसायचा.
मी सिट म्हटलं.
तिसरीने गडग्यावरच्या सरड्याकडे बघितलं.

मग बस म्हटलं, आपलं साधं.
चिमटीत सुका सोडा धरून
तिच्या नाकावरून हळूच मागे नेला;
मान वर गेली, ढुंगण खाली आलं,
चिऱ्याच्या लाल धुळीत एक गोल ठसा.
तेवढी जागा मी दिवसभर झाडली नाही.

बाकी सगळं असं झालं नाही.
रबरी चपला तीन जोड, प्रत्येकातली डावीच.
वाळत घातलेली आमसुलं खाऊन आली
तेव्हा तिचं लाल तोंड बघून, रक्त समजून,
मी भर दुपारी कार्मेलीनच्या दारात रडले.
आणि 'सोड' हा शब्द तर फसलाच.
सोड म्हटलं की तिला सोडे ऐकू येत;
पायमोजा दातांत घट्ट धरून
बक्षिसासाठी शेपूट हलवत उभी.
चूक तिची नाही.
एका मात्रेचा तर फरक.

'रव' शिकायला एकोणीस दिवस लागले.
पहिल्या दिवशी एक पाऊल मागे, सहाव्या दिवशी न्हाणीपर्यंत,
तळवा पुढे धरून, एसटी थांबवल्यासारखा.
ती थरथरायची, कुईं करायची,
पण रवायची.
मग मीच परत जाऊन डोक्यावर हात ठेवायचे.

एका संध्याकाळी मांडवीच्या पुळणीवर
तिला रव म्हणून होडीआड गेले.
तिथे पास्कू जाळं सांधत होता.
त्याने पेन्शनचं विचारलं, मग भावाचं विचारलं,
येतलो काय यंदा?
मी म्हटलं, बघूया.
पास्कूने दोरा दाताने तोडला, आणखी काही विचारलं,
मी आणखी काही सांगितलं.

वळले तेव्हा भरती लागली होती.
ती तिथेच.
पोटापर्यंत पाणी, नाक वर,
नजर होडीवर, जिच्याआड मी गेले होते.
एक लाट हनुवटीला लागून गेली. हलली नाही.
तिसरे, ये! हंय ये!
कान हलले फक्त.
तेव्हा कळलं, थांबायचं शिकवलं,
थांबणं कुठे संपतं तो शब्द
मी शिकवलाच नव्हता.

सलवारीनिशी पाण्यात शिरले, उचलली.
तिचं काळीज माझ्या मनगटावर
मशीनसारखं चाललेलं.

भाऊ निघाला तेव्हा धक्क्यावर म्हणाला होता,
"मी येयसर हंयच रव."
एकोणतीस वर्षं झाली.
बरा आहे तो, मस्कतला. फोटोत टक्कल पडलंय.
असं काही बोलल्याचं त्याला आठवतही नसेल,
घाईत होता,
बॅगेची चेन तुटली होती.

आता नवा शब्द घेतलाय: सुट.
रोज सकाळी, पोस्ट उघडण्याआधी.
सोडे संपलेत, महागही झालेत,
म्हणून भाकरीचा कोपरा.
काल बेड्याचा बांबू सरकवला,
समोर सगळा रस्ता, कोंबड्या, कार्मेलीनचं मांजर,
म्हटलं, सुट!

तिने रस्त्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.
आणि येऊन माझ्या पायावर बसली.