जोडी

"एकटा देणार नाही," टिपणीस म्हणाले,
"न्यायचे तर दोन्ही."
जणू मी एकालाच मागणी घातली होती.

वाशी, सेक्टर नऊ. इमारत पाडायला निघालेली.
जिन्यात गाद्या, पंखे, कुणाची तरी बिनचाकाची सायकल,
आणि त्यांच्या बैठकीत रिकाम्या भिंतीला पाठ लावून
मांडीएवढ्या उंचीचे दोन सागवानी खोके.
डाव्याच्या डोक्यावर फुलदाणीचा गोल डाग.
उजवा कोरा.
"हिला डावीकडेच फुलं लागायची," इतकंच बोलून
त्यांनी वायरी गुंडाळल्या, रबरबँड लावला.

मी भाव पाडला नाही.
वाकून वास घेतला फक्त:
पॉलिश, डांबरगोळी, आणि त्याच्याही आत
आमच्या घरात कधीच उजाडला नाही असा एक रविवार.

कारण खरं सांगायचं तर आमच्याकडे स्पीकर नव्हते.
वर्तकनगरच्या खोलीत एक ट्रान्झिस्टर,
त्याच्या बटणात आगकाडी खुपसलेली;
काडी हलली की बातम्या गेल्या.
आणि गोखले रोडला एक दुकान,
गिऱ्हाईक आत शिरताना दार उघडायचं
तेवढं ऐकायचं,
दार मिटलं की चालू लागायचं.
उरलेलं गाणं मी चाळीस वर्षं
दुसऱ्यांच्या घरी ठेवून दिलं होतं.

रिक्षात तिघे आम्ही.
दिघ्याच्या खड्ड्यांत ते दोघे आतून 'भुप्' म्हणत होते,
कळव्याच्या पुलावर खाडीचा वारा जाळीतून आरपार.
रिक्षावाल्याने आरशात पाहून विचारलं,
"चालू आहेत का?"
मी म्हटलं, "बघू."

आईने दारातच जाळीवरून बोटं फिरवली,
सांध्यांतून वाकलेली, हळदीच्या कांड्यांसारखी.
"वागळेचा माल," म्हणाली.

सतरा वर्षं तिने तिथे तांब्याची तार गुंडाळली,
केसाहून बारीक, श्वास रोखून, वेढे मोजत.
एक वेढा चुकला की डबा भरून येणारी शिवी.
गाणी? छे.
गाणी काचेपलीकडच्या खोलीत.
त्यांच्या वाट्याला तपासणीचा एकच सूर,
दुपारी दोनला, जेवण झाल्यावर,
ऊंऽऽ
आणि डोळ्यांवर झापड.

रविवारी मी डावा उघडला.
कडेचा फोम बोट लागताच तपकीर झाला,
आईला तीन शिंका.
चौथी आवरत तिने कॉइल उजेडात धरली
आणि चष्मा मागितला.

"प्रत्येकीचा ठिपका असायचा, नेलपॉलिशचा.
माझा जांभळा.
हा लाल. यमीचा. बाळकुमची यमी भोईर.
तार ओढून गुंडाळायची, मेली,
बघ कशी बसलीय अजून."

मला वाईट वाटलं. तिला नाही.
ती यमीचा डबा सांगत बसली: सुकट, तांदळाची भाकरी,
लग्नाआधी लाल, लग्नानंतरही लाल,
एका दिवाळीनंतर जागा रिकामी,
आणि कुणीच विचारलं नाही कुठे गेली,
कारण वेढे मोजताना बोलायचं नसतं.

"उजवा उघडू?" मी स्क्रू-ड्रायव्हर पुसत विचारलं.
"तो वाजतोय ना?"
"वाजतोय."
"मग राहू दे."

नवा फोम वाळायला रात्र गेली.
सकाळी जोडले, बटण दाबलं.
मी रेकॉर्ड निवडत होतो, तिच्यासाठी काय लावावं,
तेवढ्यात दोघांतून नुसतीच विजेची गुणगुण आली,
बारीक, न थांबणारी.

"हां," आई म्हणाली. "हाच."

मी तिला समजावलं, दोन्हींच्या बरोब्बर मधे बसायचं असतं,
तिथेच खरी मजा, गवई समोर उभा राहतो.
तिने ऐकून घेतलं.
मग खुर्ची फरफटत नेली
फुलदाणीच्या डागाशी,
आणि कान लावून बसली.