चौथा रकाना

नांदणीच्या शिवारात, पॉलिहाऊसच्या कागदाखाली
ढबू मिरचीचे तीन वाफे मी वेगळे धरलेत.
पहिल्याला रोज झाडामागं दोन लिटर,
दुसऱ्याला दीड,
तिसऱ्याला एकच.
वहीत तारीख, उंची, कळ्या, गळ.

पहिला हिरवागार. पानं तळहाताएवढी.
बघणारा म्हणतो, वा!
मी बुडखा उकरते: मुळं तपकिरी,
वीतभरसुद्धा खाली उतरलेली नाहीत.
बसल्या जागी ताट मिळाल्यावर कोण उठतंय.
गळलेल्या कळ्या सकाळी झाडूनं लोटाव्या लागतात.

दुसरा बरा. त्याच्याबद्दल लिहायला फारसं काही नसतं.

तिसऱ्याची धास्ती होती.
फळ बारकं राहील, बुडाला काळा डाग पडेल,
दुपारच्या अडतीस अंशात झाडं माना टाकतील.
टाकल्याही, पहिला आठवडा.
मग उभी राहिली ती राहिलीच.
तोडणीला काटा म्हणाला, एकशे बारा किलो.
दुसऱ्यापेक्षा सात जास्त.
मी ड्रिपर खोलले, फिल्टर धुतला,
जयसिंगपूरच्या दुकानदाराला फोन लावला,
"मीटर चुकतंय काय हो तुमचं?"

मीटर चुकत नव्हतं.

आण्णा, माझे सासरे,
दिवस मावळायच्या आत जेवतात,
चूळ भरतात, तांब्या घेऊन पाय मोकळे करायला जातात
असं आम्ही धरून चाललो होतो.
वाफ्याच्या कडेला अनवाणी ठसा, अंगठा बाहेर वळलेला.
दाराच्या खिळ्यावर ओलं गाळणं.

परवा आडोशाला थांबून बघितलं.
सगळ्यांना देत नाहीत.
पान उलटं करतात, देठ चिमटीत धरतात,
ज्याची मान पडलीय त्याच्याच बुडात
घोटभर.

नदीकडचं चार एकर आमचं पांढरं पडलंय.
रात्रीची लाईट, उसाला दारं धरायची,
बांधावर डोळा लागायचा, पाणी पहाटेपर्यंत चालूच.
अशी वीस वर्षं. मग मीठ वर आलं.
ती वाट आण्णा आता धरत नाहीत.

मी काही विचारलं नाही.
तांब्या तेवढा मोजून घेतला: नऊशे मिली, काठोकाठ.
वहीत चौथा रकाना आखला,
वर लिहिलं, आण्णा.
खाली कुठला आकडा भरायचा ते कळेना.

तिसऱ्या वाफ्यातलं अकरावं झाड आज मान टाकतंय.
सहा वाजलेत.
मी व्हॉल्व्हला हात लावत नाही.