खाना नसलेली नोंद

महापालिकेच्या मिळकत विभागात एकतीस वर्षं
मी सोलापूरच्या पेठा मोजल्या.
चामडी डबीतला पोलादी टेप, कानामागं शिसपेन्सिल,
शून्याचं टोक धरायला इस्माईल
आणि आकडा ओरडायला मी.

शहर बदलतं ते मला लाल शाईतून कळायचं.
'मंगलोरी कौलं' खोडून 'स्लॅब'.
'हातमाग चार' खोडून 'यंत्रमाग दोन',
ते खोडून 'गोदाम',
तेही खोडून 'शिकवणी वर्ग, पहिला मजला'.
एका थेटराचं मंगल कार्यालय झालं,
पडद्यामागची भिंत तेवढी पांढरी राहिली.
आता तिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या,
आणि मागच्या रांगेतली माणसं
अजून अंधार होण्याची वाट बघितल्यासारखी बसतात.

एकदा साखर पेठेत एक भिंत दोन इंच पुढं निघाली.
मालक शपथा घेऊ लागला.
इस्माईल म्हणाला, "दिवार नै सरकी सायब,
धूप में टेप लंबा हुआ."
मे महिना होता. मी जुनाच आकडा ठेवला.

गिरणीची चिमणी पाडली तेव्हा नोंदीला मीच होतो.
चिमणी म्हणतो आपण.
एवढ्या उंचीला एवढंसं नाव!
भोंगा तर कधीच गेला होता,
हिला कुणी विचारत नव्हतं म्हणून ती उभी होती.
बुडाला भोकं पाडली, दोरखंड मागं घेतले,
पोलिसांनी शिट्ट्या मारल्या,
आणि ती गुडघ्यात वाकली,
उंटासारखी, आधी पुढून.
तीन दिवस लोकांच्या वाळवणावर विटांची भुकटी.
मी लिहिलं : चिमणी, वीटकाम. निरंक.

पुढच्या उन्हाळ्यात फेरमोजणी. गिरणीमागचा बोळ.
घर क्रमांक एकशे अठरा,
भोगवटादार राजमणी इप्पलपल्ली,
पायरीवर बसून, मांडीत सूप, विड्या वळत.
चार वाजले तशी उठली,
सूप उचललं, डावीकडं सरकून पुन्हा बसली.
उन्हातून उठून
उन्हातच.

"काय झालं वो?" मी विचारलं.
"सावली सरकती न्हवं का."
"कुठली सावली?"
बोटं थांबली नाहीत. तिनं हनुवटीनं
रिकामं आभाळ दाखवलं.
"तुमी पाडला ती."

लांबी, रुंदी, मजले, वापर, बांधकामाचं वर्ष.
सावलीला खाना नाही.
मी वही मिटणार, तेवढ्यात इस्माईलनं
न सांगता पायरीच्या कडेवर शून्य टेकवलं
आणि माझ्याकडं बघत राहिला.
मी दुसरं टोक तिच्या सुपापाशी नेलं.
तीन फूट आठ इंच.
ओरडलो नाही.
समासात पेन्सिलीनं लिहिलं, सही केली नाही.

मी रिटायर झालो त्या वर्षी वह्या संगणकात गेल्या.
एक पोरगं पानं उलटत होतं,
"काका, हे तीन-आठ कशाचं?"
मी म्हटलं, आमच्या टेपची चूक असंल.

परवा बँकेच्या कामाला गेलो, वाट वाकडी करून बोळात शिरलो.
गिरणीच्या जागेवर चौदा मजले,
बाल्कन्यांतून आमच्याच चादरी वाळत घातलेल्या.
त्यांची सावली रुंद. साडेतीनलाच येते,
अख्खा बोळ एकदम झाकते, कुणाला उठवत नाही.
एकशे अठराच्या पायरीवर आता दोघी.
चार वाजले. म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली.
"अत्तम्मा, सावली हाय की इथं," सून म्हणाली.

"ही न्हवं," ती म्हणाली
आणि सरकली.