मऊ शेंड्याची

"मासा कुठला ते मागाहून.
आधी सांग, उभा कुठे राहणार?"
इनारीच्या दुकानात हिल्का गिऱ्हाइकाला हेच विचारते.

बर्फातल्या भोकाशी बसणार, तर
वीतभर काठी पुरे.
बर्चच्या गर्दीतला ओढा असेल तर आखूडच,
नाहीतर गळाला फांद्याच लागतात.
कमरेइतक्या नदीत मात्र दोन्ही हातांची लांब,
सॅमनने ओढ घेतली की
पार मुठीपर्यंत वाकणारी.

"आजोबांना हवी," तौनो म्हणतो.
"धक्क्यावर, खुर्चीत बसून. हात कापतो त्यांचा."

"मग ताठ ने.
मऊ शेंडा हाताबरोबर हलत राहील,
म्हाताऱ्याला दिवसभर वाटेल
मासा लागलाय."

तौनो ताठ काठी खुंटीवर परत ठेवतो,
मऊ घेतो.
पैसे सगळे सुट्टे.
मोजायला वेळ लागतो.